संगणकाचें निदान आणि त्याचीं अल्पमोल साधनें

तालुक्याच्या गांवीं संगणकदुरुस्तीचें लहानसें दुकान काढूं पाहणारा तरुण मला बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा : "दोष शोधून काढणारें सॉफ्टवेअर कोणतें घेऊं, आणि त्यासाठीं किती पैसे मोजूं?" प्रश्न रास्त आहे. दुकानाचें भाडें, टेबल, विजेचें बिल, स्क्रू-ड्रायव्हरांचा संच आणि एखादा मल्टिमीटर एवढ्यांतच त्याचें भांडवल संपत आलेलें असतें. त्यांत जाहिराती त्याला सांगत असतात कीं, अमुक एक आज्ञावली विकत घेतली म्हणजे यंत्राचा प्रत्येक रोग पडद्यावर आपोआप लिहून येईल. या तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आज मी प्रयत्न करणार आहें. उत्तराचा सारांश आधींच सांगतों. या धंद्याला लागणारीं सर्वांत विश्वसनीय साधनें बहुतेक फुकट मिळतात. पैसे द्यावे लागतात ते परवान्यासाठीं आणि वेळ वाचविण्यासाठीं. आणि साधन फुकट असो वा महाग, त्याची साक्ष कोठवर खरी धरावी हें ज्याला कळत नाहीं, त्याच्या हातून गिऱ्हाइकाचें नुकसानच होतें.

आधीं साधन आणि मग प्रश्न, हा क्रमच उलटा आहे. दुकानांत येणाऱ्या तक्रारी ऐकावयास नाना प्रकारच्या असतात. कोणाचा संगणक मधेंच बंद पडतो, कोणाचा फार सावकाश चालतो, कोणाच्या पडद्यावर निळा रंग पसरून सर्व काम थांबतें. परंतु मुळाशीं जाऊन पाहिलें तर शोधण्याचीं स्थळें चारपांचच निघतात : विजेचा पुरवठा, स्मृति म्हणजे रॅम, माहिती सांठविणारी डिस्क, प्रोसेसर व त्याची उष्णता, आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी. प्रत्येक स्थळाला विचारण्याचा प्रश्न निराळा, म्हणून त्याचें साधनहि निराळें. सर्व प्रश्नांना एकच उत्तर देणाऱ्या साधनापेक्षां एकेका प्रश्नाचें नीट उत्तर देणारीं चारपांच साधनें केव्हांहि श्रेयस्कर.

प्रथम जें यंत्र जागेंच होत नाहीं त्याविषयीं बोलूं. त्यावर कोणतेंहि सॉफ्टवेअर चालणार नाहीं, हें उघड असूनहि पुष्कळदां विसरलें जातें. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, त्यांतच अशी योजना होती कीं, वीज मिळतांच यंत्रानें स्वतःची तपासणी करावी आणि दोष आढळल्यास ठराविक आवाजांनीं तो कळवावा. ती योजना आजहि चालू आहे. आवाजांच्या जोडीस हल्लीं दिव्यांच्या उघडझापीनेंहि खुणा होतात. त्या खुणांचा अर्थ निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत निरनिराळा असतो, म्हणून मदरबोर्डाची पुस्तिका पाहूनच तो लावावा. या खुणाहि मिळत नसतील तर मल्टिमीटर उचलावा. मेजावरील संगणकाच्या पॉवर सप्लायमध्यें बारा व्होल्टच्या तारेवर ११.४० ते १२.६० आणि पांच व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ यांच्या दरम्यान आंकडा आला पाहिजे. यंत्र चालू असतांना कांहीं आज्ञावल्या हे आंकडे पडद्यावर दाखवितात. पण ते मदरबोर्डावरील संवेदकानें दिलेले असतात आणि पुष्कळदां फसवे निघतात. येथें मल्टिमीटरचाच शब्द शेवटचा मानावा.

यंत्र जागें होत असेल, तर त्याच्या निर्मात्यानें त्याच्या पोटांतच ठेवलेली तपासणी आधीं करून घ्यावी. डेलच्या यंत्रांत चालू करतांना एफ-१२ आणि एच. पी. च्या यंत्रांत एफ-२ ही कळ दाबल्यानें ती सुरू होते. तिला एक पैसाहि पडत नाहीं. दोष सांपडला तर ती एक सांकेतिक क्रमांक देते, आणि यंत्र हमीच्या मुदतींत असल्यास कंपनीकडे तक्रार नोंदवितांना तोच क्रमांक उपयोगी पडतो. लॅपटॉपच्या बॅटरीसाठींहि बाहेरचें साधन लागत नाहीं. विंडोजमध्यें 'पॉवर-सीएफजी' ही आज्ञा आहे. तिच्याकडून बॅटरीचा अहवाल मागवावा, म्हणजे ती नवी असतांना तिची धारणा किती होती व आज पूर्ण भरल्यावर किती उरली आहे, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मिळतात. ते गिऱ्हाइकाला दाखविले कीं बॅटरी बदलण्याविषयीं वाद उरत नाहीं.

आतां स्मृतीकडे वळूं. रॅमची तपासणी विंडोज चालू असतांना पूर्णपणें होऊं शकत नाहीं, कारण तिचा बराच भाग विंडोजनेंच व्यापलेला असतो. ज्या खोलींत माणसें बसलीं आहेत ती झाडतां येत नाहीं तसें हें आहे. म्हणून पेन ड्राइव्हवरून स्वतंत्रपणें सुरू होणारी आज्ञावली वापरावी लागते. ख्रिस ब्रेडी यांनीं १९९४ सालीं 'मेमटेस्ट-८६' लिहिली, ती याच कामासाठीं. पुढें २००४ सालीं तिच्यापासून 'मेमटेस्ट-८६ प्लस' नांवाची दुसरी शाखा निघाली. मूळ शाखा २०१३ पासून पासमार्क या कंपनीकडे आहे. तिची एक फुकट व एक विकतची अशा आवृत्त्या आहेत, आणि फुकट आवृत्ति एका वेळीं चारच फेऱ्या करते. 'प्लस' शाखा मात्र पूर्णपणें मुक्त परवान्याची असून २०२२ सालीं निघालेल्या तिच्या सहाव्या आवृत्तीपासून ती नव्या यंत्रांवरहि चालते. लहान दुकानाला या दोहोंपैकीं कोणतीहि एक पुरे.

साधनापेक्षां येथें रीत महत्त्वाची आहे. एक जरी चूक पडद्यावर आली तरी ती क्षम्य समजूं नये. पण लगेच रॅम फेकूनहि देऊं नये. पट्ट्या दोन असतील तर एकेक पट्टी स्वतंत्रपणें, आणि तीच पट्टी दोन्हीं खांचांत घालून पाहावी. चूक पट्टीबरोबर हिंडली तर दोष पट्टीचा. खांचेपाशींच राहिली तर मदरबोर्डाचा, किंवा खांचेंत सांचलेल्या धुळीचा. एका फेरींत चूक न आढळणें ही निर्दोषपणाची खात्री नव्हे. शंका दाट असेल तर तपासणी रात्रभर चालूं द्यावी.

परंतु रात्रभराचा हा सल्ला डिस्कला लागू करूं नये. या बाबतींत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका किराणा दुकानदारानें आपला संगणक माझ्याकडे आणून दिला. तक्रार एवढीच कीं, तो सावकाश चालतो. डिस्कचा संशय आल्यावर मीं मोठ्या उत्साहानें तिच्या सर्व पृष्ठभागाची तपासणी रात्रभर लावून ठेवली. डिस्क आधींच मरणोन्मुख होती. त्या वाचनानें तिचा उरलासुरला दम संपला आणि सकाळीं ती ओळखच देईना. माझें निदान अचूक ठरलें होतें. परंतु दुकानदाराची पांच महिन्यांची उधारी त्या डिस्कमध्यें होती. ती त्याला गिऱ्हाइकांच्याच तोंडून पुन्हां लिहून घ्यावी लागली, आणि कोणी किती कमी सांगितलें हें त्याला कधींच कळलें नाहीं. त्यानें मला दोष दिला नाहीं, कारण माझी चूक त्याला समजलीच नव्हती. मला मात्र ती समजली होती.

तेव्हांपासून मी क्रम बदलला. डिस्क ही स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवीत असते. तिला 'स्मार्ट' असें म्हणतात. ती नोंदवही उघडून वाचण्यास क्षणभरच लागतो आणि डिस्कवर भार पडत नाहीं. २००२ सालापासून उपलब्ध असलेलें 'स्मार्टमॉनटूल्स' आणि विंडोजवर चालणारें 'क्रिस्टल-डिस्क-इन्फो', हीं दोन्हीं फुकट साधनें तेंच काम करतात. साध्या हार्ड डिस्कच्या नोंदवहींत चार ओळी प्रथम पाहाव्या. पांचव्या क्रमांकाची ओळ सांगते कीं, खराब झालेल्या किती जागा डिस्कनें बाजूस काढून त्यांच्याऐवजीं राखीव जागा वापरल्या. एकशें सत्त्याण्णवावी ओळ सांगते कीं, किती जागांचा निकाल अजून लागावयाचा आहे, आणि एकशें अठ्ठ्याण्णवावी सांगते कीं, किती जागा वाचतांच आल्या नाहींत. यांत शून्याहून मोठा आंकडा दिसला, आणि विशेषतः तो वाढत असेल, तर तपासणी तेथेंच थांबवावी आणि प्रथम डिस्कची नक्कल काढावी. त्यासाठीं 'जी. एन. यू. डीडी-रेस्क्यू' ही फुकट आज्ञावली आहे. ती चांगल्या जागा आधीं उचलते, अवघड जागा मागाहून पाहते, आणि काय झालें व काय राहिलें याची टिपण ठेवते. त्यामुळें काम मधेंच थांबलें तरी पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं. नक्कल हातीं आल्यावर मग हवी तेवढी तपासणी करावी.

चवथी ओळ एकशें नव्व्याण्णव क्रमांकाची. तिच्यामुळें पुष्कळ निरपराध डिस्का वांचल्या आहेत. माहिती डिस्ककडून मदरबोर्डाकडे जातांना वाटेंत किती वेळां बिघडली, याची ती मोजणी आहे. ती वाढत असेल आणि पहिल्या तीन ओळी स्वच्छ असतील, तर दोष बहुधा केबलीचा किंवा जोडणीचा असतो. हा आंकडा कधीं कमी होत नाहीं. म्हणून तो लिहून ठेवावा, केबल बदलावी, आणि चार दिवसांनीं तो तेथेंच थांबला आहे काय हें पाहावें. जेथें थोड्या रुपयांच्या केबलीनें भागतें तेथें गिऱ्हाइकाला हजारों रुपयांची नवी डिस्क घ्यावयास लावणें, हें अज्ञानानें झालें तरी अन्यायच होय. नव्या एन. व्ही. एम. ई. जातीच्या सॉलिड-स्टेट डिस्कची नोंदवही थोडी वेगळी असते. तिच्यांत आयुष्याचा किती टक्के भाग वापरला गेला आणि राखीव जागा किती उरली, हीं दोन कलमें मुख्य होत.

पण नोंदवही स्वच्छ आहे म्हणून डिस्क निरोगी, असें मात्र म्हणतां येत नाहीं. गूगलच्या तीन संशोधकांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली वाचन-चूक आढळल्यानंतर साठ दिवसांच्या आंत डिस्क बंद पडण्याचा संभव, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या मानानें एकोणचाळीसपट असतो, असें त्यांना दिसून आलें. त्याच अभ्यासांत दुसरी गोष्ट अशी आढळली कीं, बंद पडलेल्या डिस्कांपैकीं छप्पन टक्क्यांहून अधिक डिस्कांनीं महत्त्वाच्या चार खुणांपैकीं एकहि खूण आधीं दाखविली नव्हती. यावरून दोन धडे घ्यावे. साधन 'दोष आहे' म्हणतें तेव्हां त्याचें ऐकावें. तें गप्प असतें तेव्हां गिऱ्हाइकाला 'सर्व ठीक आहे' असें न सांगतां 'दोष आढळला नाहीं. तरी दुसरी प्रत ठेवा' असें सांगावें.

प्रोसेसर व उष्णता यांच्यासाठीं यंत्राला मुद्दाम राबवावें लागतें. मोठमोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठीं १९९६ सालीं सुरू झालेल्या सामुदायिक प्रकल्पाची 'प्राइम-९५' ही आज्ञावली या कामीं प्रसिद्ध आहे. तिच्यांतील गणितांचीं उत्तरें आधींच ठाऊक असतात. म्हणून प्रोसेसर चुकला कीं तो लगेच पकडला जातो. तिची परीक्षा किती कडक, याचें उदाहरण म्हणजे इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांतील एक दोष या आज्ञावलीच्या गणितामुळें उघड झाला, आणि २०१६ च्या जानेवारींत इंटेलनें तो मान्य करून बायॉसच्या नव्या आवृत्तीनें दूर करण्याची व्यवस्था केली. मात्र हें साधन जपून वापरावें. धूळ सांचलेल्या जुन्या लॅपटॉपवर तें सोडून चहाला जाऊं नये. आधीं पंखा व जाळी साफ करावी, तपमानाचा आंकडा डोळ्यांसमोर ठेवावा, आणि तो भराभर चढूं लागला तर परीक्षा थांबवावी. कारण जें समजावयाचें तें तेवढ्यानेंच समजलेलें असतें.

येथवर सांगितलेल्या साधनांपैकीं बहुतेक एकाच पेन ड्राइव्हवर मावतात. 'सिस्टम-रेस्क्यू' नांवाच्या फुकट संचांत मेमटेस्ट, स्मार्टमॉनटूल्स व डीडी-रेस्क्यू हीं तिन्हीं एकत्र मिळतात, आणि तो संच गिऱ्हाइकाच्या विंडोजला हात न लावतां चालतो. म्हणजे नव्या दुकानाचा आरंभीचा खर्च एका चांगल्या पेन ड्राइव्हपुरताच राहिला.

मात्र फुकट या शब्दाचे अर्थ दोन आहेत, आणि धंदेवाइकानें ते ओळखले पाहिजेत. मेमटेस्ट-८६ प्लस, स्मार्टमॉनटूल्स, डीडी-रेस्क्यू व क्रिस्टल-डिस्क-इन्फो यांचे परवाने मुक्त आहेत. तीं दुकानांतहि निःशंकपणें वापरावीं. परंतु यंत्रांतील सर्व संवेदकांचे आंकडे दाखविणारें 'एच-डब्ल्यू-इन्फो' किंवा यंत्राला ताण देणारें 'ओ. सी. सी. टी.' हीं घरगुती वापरापुरतींच फुकट आहेत. धंद्यासाठीं त्यांचा निराळा परवाना घ्यावा लागतो. घरच्या परवान्यावर गिऱ्हाइकाचें यंत्र तपासणें म्हणजे दुसऱ्याच्या श्रमाचें मोल बुडविणें होय. कुलूप तोडून फुकट वांटलेल्या महाग आज्ञावल्या तर दुकानांत आणूंच नयेत. त्यांच्याबरोबर कोणता उपद्रवी पाहुणा येईल याचा नेम नसतो, आणि तो तुमच्या पेन ड्राइव्हवरून गांवांतल्या प्रत्येक संगणकांत जाईल.

याहूनहि घातक असा एक वर्ग आहे. दोष असो वा नसो, तपासणीअंतीं भीति दाखवावयाची आणि मग दुरुस्ती विकावयाची, असा या आज्ञावल्यांचा धर्म असतो. अमेरिकेंत २०१९ च्या मार्चमध्यें फेडरल ट्रेड कमिशननें ऑफिस डेपो व सपोर्ट डॉट कॉम या दोन कंपन्यांविरुद्धचें प्रकरण मिटविलें. कमिशनचा आरोप असा होता कीं, 'पी. सी. हेल्थ चेक' नांवाच्या तपासणीच्या आरंभीं गिऱ्हाइकाला त्याच्या तक्रारीविषयीं चार प्रश्न विचारले जात, आणि त्यांतील एकालाहि होकार मिळाला कीं, पुढची तपासणी कांहींहि सांगो, उपद्रवी आज्ञावलीचीं चिन्हें आढळल्याचा निकाल दाखविला जाई. दोन्हीं कंपन्यांनीं मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन हें प्रकरण संपविलें. ज्यांना यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं अशा माणसांनीं त्या निकालावर विश्वास ठेवून पैसे मोजले होते. श्रोतेहो, आपल्या गांवच्या दुकानाचें भांडवलहि हा विश्वासच असतो.

तेव्हां साधन खरें बोलतें कीं नाहीं, हें आधींच पारखून घ्यावें. त्याची कसोटी सोपी आहे. दुकानांत सांपडलेली एखादी सदोष रॅमची पट्टी आणि एखादी बिघडलेली डिस्क चिठ्ठी लावून जपून ठेवावी. नवें साधन आलें कीं प्रथम त्या ओळखीच्या दोषांवर तें चालवावें, आणि नंतर पूर्णपणें निर्दोष अशा यंत्रावर. जें पहिल्या ठिकाणीं दोष दाखवीत नाहीं किंवा दुसऱ्या ठिकाणीं दाखवितें, तें कितीहि नांवाजलेलें असलें तरी परत करावें. विकतच्या पुष्कळ साधनांची कांहीं दिवसांची चांचणी-आवृत्ति मिळते. पैसे देण्यापूर्वींच ही परीक्षा उरकून घ्यावी.

मग पैसे केव्हां द्यावे? जेव्हां काम वाढतें आणि वेळ अपुरा पडूं लागतो तेव्हां. विकतचें साधन अनेक तपासण्या एकापाठोपाठ आपोआप करतें, त्यांचा नीटनेटका छापील अहवाल देतें आणि धंद्याचा परवानाहि त्याबरोबर येतो. समजा, त्याची वर्षाची किंमत सहा हजार रुपये आहे. महिन्याला वीस यंत्रें त्यावर तपासलीं तर दर यंत्रामागें पंचवीस रुपये पडतात. दोनच तपासलीं तर अडीचशें. हा आंकडा स्वतःच्या दुकानाच्या वहीवरून काढावा, आणि तो आपल्या तपासणीच्या मजुरींत सहज मावत असेल तरच खरेदी करावी. तोंवर फुकट साधनांचे आंकडे हातानें एका कागदावर लिहून, दुरुस्तीपूर्वींचा आंकडा आणि दुरुस्तीनंतरचा आंकडा असे दोन्हीं गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावे. तो कागद कोणत्याहि महाग अहवालाच्या तोडीचा आहे.

शेवटीं एक गोष्ट. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ला देण्याचें सर्वसाधारण साहाय्य थांबविलें. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारीं, पण अंगानें धडधाकट असलेलीं यंत्रें पुष्कळ घरांत आहेत, आणि विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार तीं उचलून तुमच्याकडे आणतात व विचारतात, "हें टाकून द्यावें कीं ठेवावें?" त्या प्रश्नावर एखाद्या कुटुंबाचा महिन्या-दोन महिन्यांचा पगार अवलंबून असतो. डिस्कची नोंदवही वाचून, स्मृतीची रात्रभर परीक्षा घेऊन आणि बॅटरीचे दोन आंकडे पाहून तुम्ही जें उत्तर द्याल, तें खरें असावें. तें देण्यासाठीं लागणारीं साधनें गरिबांतल्या गरीब कारागिरालाहि मिळण्यासारखीं आहेत.